आधी विसण, मग आधण

सणासुदीच्या दिवसांत अभद्र बोलू नये, असा आमच्या सासूबाईंचा दंडक होता. फराळाला बसल्यावर कोणी आजार, अपघात, इस्पितळ असले विषय काढले, की त्या हळूच करंज्यांची बशी पुढे सरकवीत आणि म्हणत, "ही घ्या आणखी एक, आणि ते बोलणं पुरे." आज त्यांचा तो दंडक मी मोडणार आहे. कारण जे सांगायचे आहे ते दिवाळी उलटल्यावर सांगून उपयोग नाही. आणि त्यातले निम्मे खुद्द सासूबाईंविषयीच आहे.

गोष्ट १९८६ सालच्या नरकचतुर्दशीची. आम्ही तेव्हा डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई, आम्ही दोघे, पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचे चिरंजीव. गीझर घेण्याइतकी ऐपत नव्हती. आंघोळीचे पाणी गॅसवर मोठ्या पातेल्यात तापे. त्या पहाटे चारलाच घर जागे झाले. दारात रांगोळी झाली, पणत्या लागल्या, पाटाभोवती महिरप निघाली, उटण्याचा वास घरभर पसरला. आदल्या रात्री थोड्या करंज्या तळायच्या राहिल्या होत्या, त्या मी उरकून घेत होते. एका शेगडीवर पाण्याचे पातेले, दुसरीवर माझी कढई.

पाणी खळखळ उकळले तसे सासूबाईंनी पातेले फडक्याने धरून मोरीत नेले आणि सगळे आधण बादलीत ओतले. तिथूनच त्यांनी मला हाक मारली, "अगं, बादलीत विसण घाल गं. मी बाळाला तेल लावायला घेते."

मी म्हणाले, "हो आई."

नेमकी त्याच वेळी कढईत एक करंजी फुटली. सारण तेलात पसरले, करपू लागले. मी झारा घेऊन ते काढत बसले आणि विसण माझ्या ध्यानातून साफ गेले.

अंगभर तेल लावलेले मूल धरून ठेवणे किती कठीण असते, हे आयांना सांगायला नको. चिरंजीव आजीच्या हातातून मासोळीसारखे निसटले आणि हसत हसत मोरीकडे पळाले. आंघोळीचा भारी उत्साह! तेलकट पाय ओल्या फरशीवर सरकला. आधारासाठी त्याने बादलीच्या काठाला हात घातला, हात आत गेला आणि बादली त्याच्यावर कलंडली.

तेव्हा जो आवाज झाला, त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्या आईने तो कधी ऐकला असेल तिला ते नको, आणि जिने ऐकला नसेल तिच्या कानावर तो कधीच न पडो.

पुढची दोन मिनिटे आम्ही शिकलीसवरलेली माणसे अडाण्यासारखी वागलो. सासूबाईंनी तुपाचा डबा उपडा केला, यजमानांनी टूथपेस्ट फासली, समोरच्या बिऱ्हाडातून कोणी शाईची दौत घेऊन धावले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या एक परिचारिकाबाई आरडाओरडा ऐकून वर आल्या. त्यांनी आम्हां सर्वांना बाजूला सारले, मुलाला मोरीत नेले, ते तूप आणि पेस्ट धुऊन काढली आणि पिंपातले गार पाणी तांब्यातांब्याने ओतत राहिल्या. रिक्षा येईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

डावा हात आणि डावी मांडी पोळली होती. इस्पितळात आम्ही अठरा दिवस काढले. दंडावरची जखम खोल, म्हणून उजव्या मांडीची कातडी काढून तिथे बसवावी लागली. त्या वर्षीची भाऊबीज वॉर्डातच झाली. मुलीने भावाला ओवाळले, आणि तबकातली सुपारी त्याला उजव्या हाताने उचलता आली म्हणून आम्ही सगळे रडलो.

सासूबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत: "माझ्या हातून झालं. बादली मी ठेवली होती." मला विसण घालायला सांगितले होते, असे त्यांनी कोणापुढे एका शब्दाने म्हटले नाही. माझा 'हो' त्यांनी ऐकला होता, हे मला ठाऊक होते. आणि मी गप्प राहिले. पुढे बावीस दिवाळ्या त्यांनी अभ्यंगस्नान गार पाण्याने केले. कोणी आग्रह केला तर म्हणत, "मला मानवतं गारच." २००९ साली त्या गेल्या. तो 'हो' मी आज प्रथमच कबूल करते आहे.

वॉर्डात त्या परिचारिकाबाई भेटायला आल्या होत्या. मी नको नको ते बोलत होते: मीच ओट्याशी बसले, मीच करंज्या आदल्या दिवशी उरकल्या नाहीत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाई, बादली कोणी ठेवली आणि विसण कोण विसरलं, हे उगाळून काय मिळणार? माणूस विसरतंच. बादलीत आधी गार पाणी असतं, तर विसरूनही काही बिघडलं नसतं."

तेव्हा मला ते कोरडे वाटले. आज वाटते, या विषयात शहाणपणाचे एवढे एकच वाक्य मी ऐकले आहे. घर शाबूत राहावे म्हणून कोणीतरी सदैव सावध असायला हवे, अशी मांडणी असेल, तर ते घर एका फुटलेल्या करंजीवर अवलंबून आहे. लक्ष उडाले तरी कोणी पोळणार नाही, अशी वस्तूंची जागा आणि कामांचा क्रम ठरवून ठेवावा, हे खरे.

पोळणे काही साधे नाही

आपल्या भाषेत विस्तवाने भाजते. आणि कढत पाणी, दूध, चहा, वाफ यांनी पोळते. चहाने जीभ पोळली, असे आपण इतक्या सहज म्हणतो, की हा शब्द भाजण्याचा धाकटा भाऊ वाटू लागतो. फुलबाजी लावताना आपण मुलाच्या शेजारी उभे राहतो, पाण्याची बादली हाताशी ठेवतो. बादलीतच काही धोका असेल, हे मनातही येत नाही. वास्तविक तान्ह्या आणि नुकत्या चालू लागलेल्या मुलांना इजा होते ती बहुधा ज्वाळेने नव्हे, कढत पातळ पदार्थांनी.

पाणी किती ऊन असले म्हणजे पोळते, याचा अभ्यास अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी केला आणि १९४७ साली प्रसिद्ध केला. आजही डॉक्टर त्याचाच आधार घेतात. त्याचे सार असे: पन्नास अंश सेल्सियसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर पोळायला सुमारे पाच मिनिटे लागतात, पंचावन्न अंशांना सुमारे अर्धे मिनिट, साठ अंशांना सुमारे पाच सेकंद. दहा अंशांचा फरक, आणि पाच मिनिटांची पाच सेकंदे होतात! मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. आणि हे झाले साठ अंशांचे. नुकता गाळलेला चहा ऐंशीच्या पुढे असतो. पाक शंभराच्या वर जातो, शिवाय चिकट, अंगाला धरून बसतो. तळणीचे तेल तर एकशे सत्तर ते एकशे नव्वद अंशांचे.

म्हणून घरात गीझर असेल, तर नळातून येणारे पाणी पन्नास अंशांच्या वर जाणार नाही असे त्याचे बटण ठेवावे; आपल्याला जमत नसेल तर तंत्रज्ञाला बोलावून लावून घ्यावे. आणि बादली कोणतीही असो, पाणी कुठूनही येवो, क्रम एकच: आधी विसण, मग आधण. गार पाणी तळाशी असले, की वरून आधण ओतता ओताच ते निवू लागते. मधेच दाराची घंटा वाजली, फोन आला, करंजी फुटली, तरी बादलीत निव्वळ कढत पाणी कधीच उरत नाही. मुलाला घालण्यापूर्वी पाणी ढवळून कोपर बुडवून पाहावे. राबत्या हाताच्या बोटांना ऊन कळत नाही, कोपराला कळते.

पाणी तापवायची सळई वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. बटण बंद करून पिन काढल्यावाचून पाण्यात बोट घालू नये, आणि पाणी तापत असता न्हाणीघराला बाहेरून कडी असावी.

स्वयंपाकघरातली रेघ

मूल रांगू लागले, की ओट्यापासून तीन फुटांवर जमिनीवर एक रेघ आखावी. आमच्याकडे मी ती रंगीत पट्टी चिकटवून आखली. गॅस चालू असताना मुलाने रेघेच्या आत यायचे नाही आणि मोठ्यांनी कढत भांडे रेघेबाहेर न्यायचे नाही. अर्थात, लक्ष्मणरेषेचे पुढे काय झाले हे आपण जाणतोच! रेघेचा भरवसा मुलावर सोडू नये. तळण असेल त्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाजवळ असावे, आणि ते माणूस आधी ठरलेले असावे. "कोणीतरी बघेल" म्हटले, की कोणी बघत नाही.

कढई आणि दुधाचे पातेले मागच्या शेगडीवर. तव्याचा, कढल्याचा दांडा आत वळवलेला. कढत भांडे पदराने किंवा ओल्या फडक्याने धरू नये. ओल्या फडक्यातून चटका झटकन पोचतो. कोरडे जाड फडके ओट्याशी खिळ्याला टांगून ठेवावे. खिळखिळी झालेली सांडशी मात्र मोडीत घालावी. "अजून चालते की" म्हणत आपण ती वर्षानुवर्षे वापरतो आणि मग आमटीचे पातेले अर्ध्या वाटेत सुटते.

तेलात पाण्याचा थेंब पडला, की त्याची क्षणात वाफ होते आणि ती तेल उडवते. म्हणून झारा पुसून घ्यावा आणि वस्तू कढईच्या कडेने, आपल्यापासून दूर सोडावी. तळण आटोपल्यावर कढई तिथेच निवू द्यावी. तेल गाळायची घाई नको; तापलेली कढई खाली उतरवून कोपऱ्यात ठेवण्याची तर मुळीच नको. खाली ठेवलेली कढत वस्तू म्हणजे मुलाच्या उंचीला आणून ठेवलेली वस्तू. पंगतीतली आमटी, विरजणासाठी निवत ठेवलेले दूध, बाळंतिणीच्या शेकाचे पाणी, सगळ्यांना हाच नियम.

कुकरची वाफ आपण होऊन जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नये. ऊन आमटी किंवा सूप मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नये. आतली वाफ झाकण उडवते. मायक्रोवेव्हमध्ये बाटली तापवली तर बाहेरून कोमट लागते आणि मधले दूध कढत असते. बाळाचे दूध वाडग्यातल्या ऊन पाण्यात बाटली ठेवून कोमट करावे, हलवावे आणि मनगटावर थेंब टाकून मगच पाजावे.

सर्दीच्या वाफाऱ्याविषयीही सांगायला हवे. २०२० साली करोनाच्या भीतीने घरोघर वाफारे सुरू झाले, तेव्हा इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळातील डॉक्टरांना वाफाऱ्याच्या पाण्याने पोळलेली मुले इतकी दिसू लागली, की त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तसा इशारा दिला. मांडीवर कढत पातेले, डोक्यावरून टॉवेल आणि आत चुळबुळणारे मूल! मुलांना हा उपाय करूच नये.

चहा आणि पाहुणे

दिवाळीत पाहुणे येतात, तान्ह्याला कौतुकाने मांडीवर घेतात, आणि आपण त्यांच्या हाती चहाचा कप देतो. मूल कपाला हात घालते. त्याला तो खुळखुळाच वाटतो. इथे भिडेला थारा नको. मूल मांडीवर असेल तर चहा टेबलावर, मुलाचा हात पोचणार नाही इतका मध्ये. चहा हातात असेल तर मूल दुसऱ्याकडे. टीपॉयवरचा लोंबता रुमाल काढून ठेवावा, कारण उभे राहू पाहणारे मूल तोच धरून उठते. विजेच्या किटलीची वायरही ओट्याखाली लोंबू देऊ नये.

आणि घरातल्या आजी-आजोबांना विसरू नये. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. आजोबा ऊन पाण्यात पाय सोडून वर्तमानपत्र वाचत बसतात, पाय पोळतात आणि त्यांना पत्ताच नसतो. पाणी आधी दुसऱ्या कोणी कोपराने पाहावे. शेकायच्या पिशवीत उकळते पाणी भरू नये आणि ती फडक्यात गुंडाळूनच द्यावी.

पोळलेच तर

गॅस बंद केला तरी झाकलेला भात आतल्या आत शिजत राहतो. कातडीचेही तसेच आहे. कढत पाणी निघून गेले तरी आत मुरलेली उष्णता इजा करीतच असते. तिला बाहेर काढायला नळाच्या पाण्यासारखा उपाय नाही. नळाखाली, किंवा तांब्याने धार धरून, घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटे. वीस मिनिटे फार लांबतात, मूल रडते, आपला धीर सुटतो. पण थांबू नये. उशीर झाला तरी पहिल्या तीन तासांत केव्हाही याचा उपयोग होतो. बाकीचे अंग मात्र पांघरुणाने ऊबदार ठेवावे.

त्याच वेळी भिजलेले कपडे, बांगड्या, वाळे, करगोटा काढून टाकावा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. कापड कातडीला चिकटले असेल तर मात्र ओढू नये. बर्फ नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नये. उष्णता आतच राहते आणि डॉक्टरांना जखम धड दिसत नाही. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून डॉक्टरांकडे न्यावे. तोंड, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग पोळले असेल, फोड आले असतील, किंवा पोळलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, तर इस्पितळातच जावे. मूल तान्हे असेल तर जागा लहान म्हणून घरी थांबू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ऐन वेळी पाठ असलेलेही आठवत नाही.

आमचे चिरंजीव आता चाळिशीला आले. दंडावरचा चट्टा अजून आहे. पावसाळ्यात खाजतो, एरवी त्याच्या लक्षातही नसतो. ती पहाट त्याला आठवत नाही. यंदा तो, सूनबाई आणि चौदा महिन्यांची आमची नात बंगळूरहून दिवाळीला येणार आहेत. हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटले, छापून येण्यापूर्वी घरच्यांना माहीत असावे. म्हणून सूनबाईंना फोन केला आणि सगळे सांगितले; विसणाचे, माझ्या 'हो'चे, आजीच्या गार पाण्याचे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, आमच्याकडे बादलीत आधी गार पाणीच घालतात. लग्न झाल्यापासून यांचा तो नियम आहे. मी घातलं नाही तर स्वतः येऊन घालतात."

"त्याला कोणी सांगितलं?" मी विचारले. मी तर त्या पहाटेविषयी घरात कधी तोंड उघडले नव्हते.

"आजींनी म्हणे. लहानपणी हे आंघोळीला निघाले, की आजी न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि पाणी आपल्यासमोर काढायला लावायच्या. यांना वाटायचं, आजीला पाण्याचं सोवळं आहे."

फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मग उठून न्हाणीघरातली बादली घासून ठेवली. यंदा अभ्यंगस्नानाचे पाणी मी काढणार आहे.